डी मायनरचं देणं

मी पेटीवाली. गाणाऱ्याच्या डाव्या अंगाला बसून सूर धरायचा, त्याच्या मागोमाग जायचं, तो थांबला की थांबायचं, हा माझा आयुष्यभराचा उद्योग. आपण कुणाचे ऋणी आहोत असा विषय निघाला की माझ्या तोंडून आधी बुवांचं नाव येतं, मग आईचं. तिसरं नाव मी सहसा सांगत नाही, कारण ते घेतलं की पुढचा अर्धा तास खुलासे करण्यात जातो. ते नाव माणसाचं नाही. योहानेस ब्राम्स या जर्मन संगीतकाराचा डी मायनरमधला पहिला पियानो कॉन्चेर्टो, म्हणजे एकल पियानो आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीची रचना, ओपस १५, हे ते नाव. मला पियानो येत नाही. त्यांची स्वरलिपी मी उतारवयात एकेक अक्षर लावत वाचायला शिकले आणि अजूनही अडखळते. तेव्हा या कृतीबद्दल जाणकार म्हणून काही सांगण्याचा माझा अधिकार नाही. देणेकरी म्हणून मात्र आहे.

माझं बालपण मिरजेचं. तंबोऱ्यांचे भोपळे वाळत घातलेल्या गल्लीतून शाळेत जायचं आणि संध्याकाळी भजनाच्या पेटीवर बोटं फिरवायची, एवढंच संगीत. पुढे पुण्याला टेलिफोन खात्यात नोकरी लागली आणि सदाशिव पेठेत बुवांकडे शिकवणी सुरू झाली. बुवा एकल वादनातले जाणकार होते. माझी बोटं जलद चालत, तेवढंच माझं भांडवल. बुवांना मात्र त्यात पुष्कळ काही दिसलं. एका गुरुपौर्णिमेला भरल्या बैठकीत त्यांनी सांगून टाकलं की ही मुलगी पेटीला गायकाच्या मागून उठवेल आणि मधोमध आणून बसवेल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाकून नमस्कार केला. त्या रात्री आनंदानं झोप लागली नाही. पुढे कित्येक वर्षं त्याच बोलण्यानं माझी झोप उडवली, पण तेव्हा कारण आनंदाचं नव्हतं.

एकल वादनाची तयारी चालू होती, आणि चार पैसे मिळावेत म्हणून मी साथही करायची. साथ म्हणजे तेव्हा माझ्या मते पायरी होती, तिच्यावर उभं राहून पुढे जायचं होतं. गायक श्वास घ्यायला थांबला की ती जागा मी भरून काढायची. त्यानं तान घेतली की ती पुरी व्हायच्या आत माझी बोटं तिच्या शेवटाशी पोचलेली असायची. श्रोत्यांतून वाहवा यायची आणि ती कुणाला मिळाली याचा मी मनात हिशेब ठेवायची. वाईट वाजवत होते असं नाही. पण ऐकत नव्हते.

त्या दिवसांत मी कॅम्पात एका जुन्या बंगल्याच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहत होते. मालक एक वृद्ध पारशी गृहस्थ. मी त्यांना काका म्हणायची, ते मला डिकरी म्हणायचे. त्यांची दृष्टी झपाट्यानं जात चालली होती. त्यामुळे विजेचं बिल, भाच्याची पत्रं, रेकॉर्डच्या पाकिटावरचा बारीक मजकूर, असं सगळं वाचून दाखवायला मी जायची. त्यांचं तारुण्य मुंबईत गेलेलं. मेहली मेहतांनी १९३५ मध्ये उभारलेल्या बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्राचे कार्यक्रम त्यांनी ऐकलेले होते आणि मेहलींचा मुलगा झुबिन जगभर नाव कमावतो आहे, याचा त्यांना घरच्या माणसासारखा अभिमान होता. एका रविवारी त्यांनी त्याच झुबिन मेहतांची एक रेकॉर्ड लावली. “बेस, डिकरी. पियानो सांभळ.”

मी पियानोची वाट पाहत बसले. सुरुवातीलाच टिंपनीचा गडगडाट झाला आणि सगळी तंतुवाद्यं अंगावर धावून आली. माझ्या कानाला ते संगीतापेक्षा संकट वाटलं. मिनिट गेलं, दोन गेली, पियानोचा पत्ता नाही. रेकॉर्ड चुकली असणार असं वाटून मी विचारलं, “काका, पियानो कुठे आहे?” त्यांनी नुसतं बोट वर केलं. तीन मिनिटं उलटून गेल्यावर, त्या साऱ्या कल्लोळाचा जोर ओसरल्यावर, पियानो आला. आणि आला तो किती हळू! ना झपाटा, ना ‘बघा, मी आलो’ असा आव. तिसऱ्या आणि सहाव्या स्वरांच्या जोड्यांतून चाललेलं एक साधं, काहीसं थकलेलं बोलणं. ऑर्केस्ट्रानं एवढा वेळ जे ठणकावून सांगितलं होतं, त्यातलं काही उचलून मिरवायचंसुद्धा त्याच्या मनात नव्हतं.

मैफलीच्या मालकानं साथीदारासारखं आत यावं, हे मी कधी ऐकलं नव्हतं. संकटासारख्या वाटलेल्या त्या सुरुवातीचं कोडं मी नंतर माझ्या भाषेत सोडवून पाहिलं. खाली डी धरून ठेवलेला आहे, त्याला षड्ज माना. त्यावर जो मेळ उभा राहतो तो षड्जाच्या घरचा नाही, बी फ्लॅटचा आहे, म्हणजे आपल्या कोमल धैवताचा. पुढे तंतुवाद्यं ए फ्लॅटवर थरथरतात. कान पंचमाची आशा धरून असतो आणि त्याला मिळतो कंप पावणारा तीव्र मध्यम. तंबोरा एक सांगतो आहे आणि गाणारा दुसऱ्याच घरात उभा आहे, अशी ती अवस्था. ज्या डी मायनरच्या नावानं हा कॉन्चेर्टो ओळखला जातो, त्यात त्याचं पाऊल पहिल्या क्षणी पडतच नाही. आपल्या रागपद्धतीला हे हिशेब तसेच्या तसे लागू पडत नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण परक्या घरात शिरायला मला दुसरं दार नव्हतं.

पाकिटावरचा मजकूर वाचताना कळलं की पियानो वाजवणारे आर्थर रुबिनस्टाइन तेव्हा ८९ वर्षांचे होते. साथ इस्रायल फिलहार्मोनिकची, साल १९७६. रुबिनस्टाइन यांची नजर तोवर जवळजवळ गेलेली होती आणि त्याच वर्षी त्यांनी मैफलींचा निरोप घेतला. काकांना ही रेकॉर्ड एवढी प्रिय का, ते मला तेव्हा उमगलं. आणखी एक धागा मला बराच नंतर सापडला. रुबिनस्टाइन लहानपणी पोलंडहून बर्लिनला शिकायला आले, तेव्हा त्यांच्या शिक्षणाची काळजी वाहिली ती व्हायोलिनवादक योझेफ योआखिम यांनी. आणि २२ जानेवारी १८५९ रोजी हॅनोव्हरला हा कॉन्चेर्टो पहिल्यांदा वाजला, स्वतः ब्राम्स पियानोवर होता, तेव्हा ऑर्केस्ट्रापुढे उभे होते तेही हेच योआखिम. हॅनोव्हरच्या योआखिमपासून मुंबईच्या झुबिनपर्यंत मधे एकच माणूस. आपल्याकडे याला तालीम म्हणतात आणि तिच्यापुढे कानाची पाळी धरतात.

काका गोष्ट सांगायचे तुकड्यातुकड्यांत, आणि उरलेली मी मॅक्स म्युलर भवनातून आणलेल्या पुस्तकांतून त्यांना वाचून दाखवायची. वाचून दाखवताना माझंच शिक्षण होत होतं.

ब्राम्स १८३३ चा, हॅम्बुर्गचा. वडील डबल बास वाजवून घर चालवत. विसाव्या वर्षी, १८५३ च्या शरदात, हा मुलगा योआखिमच्या सांगण्यावरून ड्युसेलडॉर्फला रॉबर्ट शुमानच्या दारात उभा राहिला. शुमान तेव्हाचा मान्यवर संगीतकार, त्याची पत्नी क्लारा युरोपभर गाजलेली पियानोवादक. मुलानं आपल्या रचना वाजवून दाखवल्या आणि काही आठवड्यांतच शुमाननं एका संगीत नियतकालिकात लेख लिहून जाहीर केलं की ज्याची वाट पाहत होतो तो आला आहे. शिवाय, हा ऑर्केस्ट्रा आणि गायनवृंद हाती घेईल तेव्हा थोर गोष्टी घडतील, असंही लिहिलं. ब्राम्सनं तोवर ऑर्केस्ट्रासाठी धड काही लिहिलेलं नव्हतं.

हे वाचताना मी मधेच थांबले. काकांनी विचारलं, “शूं थयुं?” मी म्हटलं, काही नाही. मला ती गुरुपौर्णिमा आठवली होती. माझ्यासारख्या पेटीवालीची ब्राम्सशी बरोबरी करण्याइतकी मी खुळी नाही. पण मोठ्या माणसानं प्रेमानं, भरभरून, चारचौघांत केलेलं भाकीत पाठीवर बसलं की कसं वाटतं, ते मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

लेखाला चार महिनेच झाले होते. २७ फेब्रुवारी १८५४ ला शुमाननं ऱ्हाइन नदीत उडी घेतली. भासांनी तो त्रासलेला होता. लोकांनी त्याला बाहेर काढलं, आणि थोड्याच दिवसांत त्याच्याच इच्छेनं त्याला बॉनजवळ एंडेनिश इथल्या मनोरुग्णालयात नेऊन ठेवलं. क्लारा गरोदर होती, घरात मुलं होती. तिला नवऱ्याला भेटू दिलं जात नव्हतं. ती भेट झाली ती अडीच वर्षांनी, तो जाण्याच्या केवळ दोन दिवस आधी. ब्राम्स बातमी कळताच ड्युसेलडॉर्फला धावला आणि तिथेच राहिला. मुलांना सांभाळलं, घरखर्चाची वही लिहिली, परवानगी मिळाली तेव्हा शुमानला भेटून आला. आणि त्या वसंतात त्यानं दोन पियानोंसाठी डी मायनरमध्ये एक सोनाटा लिहायला घेतला. तो आणि क्लारा समोरासमोर बसून तो वाजवत.

सुरुवातीचा तो प्रपात म्हणजे नदीतली उडी, असं ब्राम्सचा चरित्रकार माक्स काल्बेक यानं योआखिमच्या हवाल्यानं लिहून ठेवलं आहे. काही अभ्यासक ते मानत नाहीत. मलाही ते फार सोपं वाटतं. उडीचं चित्र तेवढं काढायचं असतं तर पाच वर्षं लागली नसती.

कारण त्या सोनाट्याला आपलं रूप सापडेना. दोन पियानो अपुरे पडतात असं म्हणून ब्राम्सनं त्याची सिंफनी करायला घेतली. ऑर्केस्ट्रा हाताळण्याचा अनुभव नव्हता, म्हणून मित्रांना विचारत राहिला. सिंफनीही जमेना. १८५५ च्या सुरुवातीला त्यानं क्लाराला एक स्वप्न कळवलं: त्या अभागी सिंफनीचाच पियानो कॉन्चेर्टो झाला आहे आणि तो आपण स्वतः वाजवतो आहोत. जागेपणी त्यानं तेच केलं. पहिला भाग राहिला, पुढचे दोन नव्यानं लिहिले. काढून टाकलेल्या एका संथ, जड पावलांच्या भागाचं बऱ्याच वर्षांनी ‘जर्मन रिक्विएम’मध्ये शोकसंगीत झालं. कागदांचे गठ्ठे योआखिमकडे जात आणि दुरुस्त होऊन परत येत. विचारण्यात त्याला कमीपणा वाटला नाही. शुमाननं ज्या सिंफनीची आशा धरली होती ती अखेर आली १८७६ मध्ये, ब्राम्सच्या ४३ व्या वर्षी. शुमानला जाऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती.

हे सगळं वाचलं त्याच्या आसपास माझं पहिलं एकल वादन ठरलं. बुवांनी हौसेनं ठरवलं होतं. झालंही ठीक. कुणी नावं ठेवली नाहीत, एका वृत्तपत्रात चार ओळी बऱ्या आल्या. पण वाजवताना मला सारखं वाटत राहिलं की समोर कुणीतरी हवं आहे. मी कुणाच्या तरी वाक्याची वाट पाहत होते आणि ते वाक्य येत नव्हतं. तबलजी होते, पण ते माझी वाट पाहत होते. मी पुढे बसले आणि मला करमेना. बुवांना हे सांगण्याचा धीर मला झाला नाही. सांगायचं ते काय? तुमचं भाकीत खोटं करते आहे, असं?

त्या काळात मी काकांकडे जाऊन कॉन्चेर्टोचा पहिला भाग पुन्हा पुन्हा ऐकायची. आता मला दुसरं काही ऐकू येऊ लागलं होतं. हा भाग वीस-बावीस मिनिटांचा, म्हणजे तेवढ्यात एखादा जुना कॉन्चेर्टो जवळजवळ संपतो. एवढ्या लांबीत, ऑर्केस्ट्रा गप्प बसवून पियानोवाल्यानं आपली करामत दाखवायची ती ठरलेली राखीव जागा, कॅडेन्झा, यात नाही. उलट मधे एकदा पियानो एकटाच बोलतो तो एफ मेजरमधला प्रार्थनेच्या वळणाचा विषय, आणि तिथे करामत शोधूनही सापडत नाही. थोड्या वेळानं हॉर्न एकटा येतो आणि पियानो त्याला वाट करून देतो. पुढे, जिथे सुरुवातीचं संकट परत येतं, तिथे खाली तोच डी दुमदुमतो आणि पियानो त्यावर ई मेजर घेऊन कोसळतो, म्हणजे षड्जावर उभं राहून रिषभाला षड्ज मानण्याचा हट्ट. तिथे वाजवणाऱ्याच्या दोन्ही हातांचा कस लागतो. पियानोचा वाटा अतिशय अवघड आहे. फक्त ते अवघडपण मिरवलेलं नाही. सोनाट्यातून, सिंफनीतून जाऊन आलेली ही कृती. ऑर्केस्ट्रानं मागे उभं राहायचं, ही वाटणीच तिनं मानलेली नाही. इथे कोण पुढे आणि कोण मागे हे दर चार ओळींनी बदलतं, आणि ज्याची पाळी नाही तो ऐकत असतो.

मी साथीला परत गेले ती हे कानात ठेवून. कुणाला जाहीर काही सांगितलं नाही. एकल वादनाची निमंत्रणं आली ती एकेक करून टाळली. आणि साथ करताना बोटं कमी केली. गायक थांबला की मीही थांबून बघू लागले, ती जागा त्याला रिकामीच हवी आहे का म्हणून. बऱ्याचदा हवी असायची. एक ज्येष्ठ गायिका मैफलीनंतर म्हणाल्या, “आज तू होतीस हे मला जाणवलंच नाही गं, इतकं बरं वाटलं.” हे कौतुक आहे, हे समजायला मला फार वेळ लागला नाही. काही वर्षं आधी मी त्यावर रडले असते.

मग बुवांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही. कोकणातल्या मुलाकडे न जाता ते सदाशिव पेठेतच राहिले. मी ऑफिस सुटलं की जायची. त्यांना बोलता येत नव्हतं आणि मला बोलवत नव्हतं. एक दिवस गुरुपत्नींनी, आमच्या वहिनींनी, पेटी त्यांच्यासमोर सरकवली. डावा हात शाबूत होता. तो आपोआप मागे गेला आणि भाता हलवू लागला. पट्ट्यांवर ठेवायला उजवा हात नव्हता. मी समोरून उठून शेजारी बसले आणि माझा उजवा हात पट्ट्यांवर ठेवला.

भाता त्यांचा, बोटं माझी. ज्यानं पेटी वाजवली नसेल त्याला कदाचित यातली अडचण कळणार नाही. पेटीचा श्वास भात्यात असतो. सूर केवढा फुलवायचा, कुठे विझवायचा, वाक्य कुठे तोडायचं, हे डावा हात ठरवतो. दोन्ही हात एकाच माणसाचे असतात तेव्हा हे कळतसुद्धा नाही. आता मला बुवांच्या श्वासात वाजवायचं होतं. ते भाता सोडत तिथे माझा सूर मरायचा, मनात पुढे काहीही असलं तरी. पहिले काही दिवस नुसती ओढाताण झाली. मग हळूहळू मला त्यांच्या खांद्यावरून कळू लागलं. भीमपलास वाजायचा, कधी यमन. वहिनी दाराशी बसून निवडटिपण करायच्या.

त्या दिवसांत संध्याकाळी घरी परतताना मला ब्राम्सचा दुसरा भाग, अडाजिओ, आठवत राहायचा. त्याच्या हस्तलिखितात तंतुवाद्यांच्या ओळीखाली ब्राम्सनं लॅटिन प्रार्थनेतले शब्द लिहिले होते. प्रभूच्या नावानं येणाऱ्याला धन्य म्हणणारे ते शब्द. शुमानला तो लाडानं ‘डोमिने’ म्हणजे स्वामी अशी हाक मारायचा, म्हणून ते शब्द गुरूसाठी असावेत असं काही जण म्हणतात. पण १८५६ च्या डिसेंबर अखेरीस त्यानं क्लाराला कळवलं होतं की तुझं एक सौम्य चित्र रंगवतो आहे, तोच अडाजिओ होणार आहे. गुरू की गुरुपत्नी, यावर लोकांनी पानंच्या पानं लिहिली आहेत, आणि त्या दोघांत प्रेम होतं की आणखी काय, यावर त्याहून जास्त. मला त्या चौकशीत रस नाही. संकटाच्या घरात जाऊन जो खर्चाची वही लिहितो, त्याच्या मनात गुरू आणि गुरूचं घर हे वेगवेगळे काढता येत नसणार, एवढं मला सदाशिव पेठेत कळलं. तो भागही पहिल्या भागाच्याच सहाच्या चालीत आणि त्याच डीवर उभा आहे, फक्त आता मेजर. जिथे आधी थरकाप होता तिथेच बसून हा माणूस शांतपणे वाजवतो.

बुवांना मी माझा निर्णय कधी सांगितला नाही. सांगायची गरज उरली नव्हती. मागे बसण्याची शेवटची शिकवणी त्यांनीच दिली होती, तीही एक शब्द न उच्चारता. काका त्यांच्या आधी गेले आणि बंगला विकला गेला. रेकॉर्ड त्यांनी माझ्यासाठी बाजूला काढून ठेवली होती. ती लावायला माझ्याकडे यंत्र नव्हतं, मग मुंबईला काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून कॅसेट आणली. त्यावर वाजवणारे दुसरेच होते आणि मला त्यांची सवय व्हायला वेळ लागला.

शिकवायला लागल्यावर या कॉन्चेर्टोनं मला आणखी एकदा हात दिला. माझी एक विद्यार्थिनी चांगली तयार होती, आणि तिची पहिली मोठी साथ अगदीच पडली. ती पेटी सोडायची भाषा करू लागली. तिला मी लाइपझिगची हकीकत सांगितली. हॅनोव्हरनंतर पाचच दिवसांनी, २७ जानेवारी १८५९ ला, तिथल्या प्रतिष्ठित गेवांडहाउस सभागृहात ब्राम्सनं हाच कॉन्चेर्टो वाजवला. दोन-चार हात टाळ्यांसाठी हलले, तर चहूबाजूंनी हिस्स असा आवाज उठला. समीक्षकानंही सोलून काढलं. ब्राम्स २५ वर्षांचा होता. दुसऱ्या दिवशी त्यानं योआखिमला पत्रात लिहिलं की कॉन्चेर्टो अगदी लखलखीत पडला. असं होणं बरंच असतं, विचार गोळा होतात आणि धीर वाढतो. मी तर अजून चाचपडतोच आहे. आणि मग, ती हिस्स मात्र जरा जास्तच झाली, असंही लिहिलं. शेवटचं वाक्य ऐकून मुलगी हसली. मला त्या पत्रात हेच आवडतं. लागलेलं तो लपवत नाही, आणि कुरवाळतही नाही. मुलगी आता माझ्यापेक्षा चांगली साथ करते.

निवृत्तीनंतर लेकीकडे जर्मनीत गेले तेव्हा बॉनला जाऊन आले. एंडेनिशचं ते घर आता शुमानहाउस म्हणून ओळखलं जातं आणि तिथे शहराचं संगीत ग्रंथालय आहे. मुलं स्वरलिपीच्या वह्या घेऊन जातात-येतात. शुमान आणि क्लारा दोघंही बॉनच्याच जुन्या दफनभूमीत आहेत. क्लारा १८९६ मध्ये गेली, तिच्या अंत्यविधीला ब्राम्स धावतपळत कसाबसा पोचला आणि पुढच्याच वर्षी व्हिएन्नामध्ये तोही गेला.

त्याच मुक्कामात मी हा कॉन्चेर्टो पहिल्यांदा प्रत्यक्ष ऐकला. रेकॉर्डवर जे कधी दिसत नाही ते तिथे दिसलं. पियानोवादक बाई येऊन बसल्या, कंडक्टरनं हात उचलला, आणि मग त्या नुसत्या बसून राहिल्या. सगळं सभागृह दणाणत होतं आणि ज्यांचं नाव तिकिटावर मोठ्या अक्षरांत होतं, त्यांचे हात मांडीवर. त्या ऑर्केस्ट्राकडे वळून ऐकत होत्या. माझ्या शेजारच्या तरुणानं मधेच मोबाइल पाहिला. माझी नजर त्यांच्या खांद्यांवरून हलली नाही. प्रवेशाच्या किंचित आधी त्यांनी श्वास घेतला, तो मला तिसऱ्या रांगेतून कळला.

लेकीनं मग घरी आल्यावर १९६२ सालचं एक ध्वनिमुद्रण लावून दिलं. न्यूयॉर्कमध्ये ग्लेन गूल्ड हाच कॉन्चेर्टो वाजवणार होता आणि त्यानं धरलेली लय कंडक्टर लिओनर्ड बर्नस्टाइनला मान्य नव्हती. बर्नस्टाइननं आधी श्रोत्यांसमोर येऊन तसं मोकळेपणानं सांगितलं, कॉन्चेर्टोत मालक कोण, एकल वादक की कंडक्टर, असा मिश्कील प्रश्नही टाकला, आणि मग गूल्डच्याच लयीत शेवटपर्यंत साथ केली. लेकीला ते भाषण उद्धट वाटतं. मला वाटत नाही. न पटणाऱ्या लयीत इमानानं वाजवणं आम्हा पेटीवाल्यांना रोजचंच आहे, फक्त आम्हाला आधी भाषण करू देत नाहीत.

तिसऱ्या भागाबद्दल मी काही बोलले नाही, कारण त्याच्याशी माझं तेवढं जमलेलं नाही. तो जोमदार आहे, बेथोव्हनच्या तिसऱ्या कॉन्चेर्टोच्या शेवटाचा आराखडा त्यानं समोर ठेवला आहे असं जाणकार दाखवून देतात, शेवटी डी मेजरचा उजेडही पडतो. पण दोन भागांत एवढं सोसून झाल्यावर तो मला जरा लवकर सावरल्यासारखा वाटतो. ब्राम्स तेव्हा तरुण होता, त्याला सावरायची घाई असेल.

लेकीचं म्हणणं, आई, तू एकाच कॉन्चेर्टोवर अडून बसली आहेस. ब्राम्सनं दुसरा लिहिला तो जवळजवळ पाव शतकानं, १८८१ मध्ये बुडापेस्टला तो पहिल्यांदा वाजला, आणि तो याहून पुष्कळ पिकलेला आहे असं सगळेच सांगतात. त्याच्या तिसऱ्या भागात म्हणे चेलो आधी गातो, बराच वेळ, आणि पियानो थांबून राहतो. शेवटी चेलोचं गाणं परत येतं तेव्हाही पियानो त्याच्या मागे असतो. तो मी सध्या रोज दुपारी ऐकते आहे. अजून माझा झालेला नाही.